पाहुण्याचा तांब्या

टेंभुरपाड्यात एकेचाळीस घरं आहेत आणि एक विहीर आहे. मार्च ते जून या काळात विहिरीत काही नसतं. ही व्यवस्था कित्येक वर्षं अगदी सुरळीत चालू होती. एक दिवसाआड टँकर यायचा, विहिरीत पाणी ओतायचा आणि बायका तेच पाणी पोहऱ्यानं पुन्हा वर काढायच्या. टँकरवाला थेट हंड्यांत पाणी का देत नाही, असं कुणी विचारत नसे. पाणी विहिरीत ओतावं असा आदेश होता आणि आदेशाला तोटी नव्हती.

टँकर लावायचा की नाही, हे ठरवायची रीतही साधी होती. तालुक्याहून एक साहेब यायचे, विहिरीत डोकावायचे, "नाही" म्हणायचे आणि जायचे. यंदा ही रीत कालबाह्य ठरली. एक माणूस एका विहिरीत एकदा डोकावतो, याला डेटा म्हणता येत नाही, हे नाशिकच्या अंकनेत्र प्रतिष्ठानानं कचेरीला पटवून दिलं. वंचितांचा विकास मोबाइलमधून करणं हे या प्रतिष्ठानाचं काम. त्यांचं ऑफिस सातव्या मजल्यावर होतं आणि दारातच विजेवर चालणारा छोटा धबधबा होता.

प्रतिष्ठानानं 'तृप्ती' नावाचं ॲप तयार केलं. तृप्तीचं वैशिष्ट्य म्हणजे ती कुणाला काही विचारत नसे. अभ्यासात असं आढळलं होतं की, ज्याच्याकडे पाणी नसतं त्याला पाणी आहे का असं विचारलं तर तो नाही म्हणतो. टँकर मिळावा हा त्याचा स्वार्थ असतो. म्हणून तृप्तीत माणसाच्या बोलण्याला जागाच ठेवली नव्हती. प्रतिष्ठानानं नेमलेल्या विकासदूतानं घरात जायचं, मोबाइलचा कॅमेरा सुरू करायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. कॅमेऱ्याला प्यायचं पाणी दिसलं तर घर हिरवं, नाही दिसलं तर तांबडं. अशी ही निःपक्षपाती पद्धत होती.

पाड्याच्या सगळ्यात वरच्या अंगाला, शेवटचं घर चिमाजीचं. त्याची बायको नवसाबाई गेल्या कार्तिकात वारली. ती गेल्यावर चिमाजीच्या लक्षात आलं की, चाळीस वर्षं ज्या घरात आपण राहिलो त्यातलं आपल्याला काही ठाऊक नाही. तीन दिवस त्याला मीठ सापडलं नव्हतं. ते चुलीशेजारी होतं.

एक गोष्ट मात्र त्याला पक्की माहीत होती. चुलीवरच्या फळीवर ताटलीनं झाकलेला एक तांब्या असायचा, तो पाहुण्याचा. पाणी कमी पडलं तर नवसाबाई भात कमी शिजवायची, पण त्या तांब्याला हात लावू द्यायची नाही. एकदा तापात चिमाजीनं त्यातलं घोटभर मागितलं, तर ती म्हणाली होती, "तुमी काय पाव्हणे हाय का?" आणि दुसऱ्या भांड्यातलं गढूळ पाणी निवळायला ठेवून तासाभरानं दिलं होतं. आता ती नव्हती. चिमाजी रोज सकाळी तांब्या घासायचा, भरायचा, झाकून ठेवायचा. दुःख म्हणून तो याहून वेगळं काही करत नसे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, आरोही नावाची विकासदूत पाड्यावर आली. नाशिकच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, कामाला प्रामाणिक मुलगी. टेंभुरपाड्यात दाराशी आलेल्या माणसाला नाव विचारायच्या आधी पाणी देतात. नाव नंतर विचारलं तरी चालतं, ते काही वाळून जात नाही. पहिल्याच घरी आरोही कॅमेरा सुरू करून उभी राहिली आणि तिच्यासमोर गुळाच्या खड्यासकट तांब्या आला. ती पाणी प्यायली. मोबाइल टिंग करून वाजला आणि घर हिरवं झालं.

पुढच्या घरी तिनं नको म्हटलं, तर त्या घरच्यांनी तांब्या पाच मिनिटं तिच्यासमोर धरून ठेवला. कॅमेऱ्याला तेवढा वेळ पुरत होता. चिमाजीकडे ती शेवटी पोचली, तोवर दमली होती. त्याच्या तांब्यातलं पाणी तिनं गटागट पिऊन टाकलं आणि म्हणाली, "काका, किती छान लोक आहात तुम्ही." चिमाजीला बरं वाटलं. आपलं नाव राखलं म्हणून नवसाबाईनं शाबासकी दिली असती, असं त्याच्या मनात आलं.

एकेचाळीसपैकी एकेचाळीस घरं हिरवी झाली. आरोहीनं एक अक्षर लिहिलं नव्हतं. जे दिसलं ते ॲपनं पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी टँकर आला नाही. पाचव्या दिवशी छायाच्या मोबाइलवर संदेश आला. छाया ही पाड्यातली आशा सेविका, आणि पाड्यातला चालू स्थितीतला मोबाइल तेवढा तिच्याचकडे. तिनं संदेश मोठ्यानं वाचून दाखवला. अभिनंदन, आपला पाडा तृप्त आहे.

मग बायका दरीतल्या झिऱ्यावर जाऊ लागल्या. झिरा म्हणजे खडकातली ओंजळीएवढी खाच. वाटीवाटीनं पाणी काढायचं, हंडा भरायला पाऊण तास. चिमाजीची चुलत भावजय कुसाबाई झिऱ्यावरून आली की दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत छाटणीला जायची. त्या बागेत प्रत्येक वेलीच्या मुळाशी नळी होती आणि जमीन कोरडी पडली की मालकाच्या मोबाइलला ते कळायचं. कुसाबाई म्हणायची, पुढचा जन्म द्राक्षीचा घ्यावा. डोक्यावर मांडव असतो, पायाशी नळी असते आणि तहान लागली तर मालकाला फोन जातो.

पाड्यानं चिमाजीला तालुक्याला पाठवायचं ठरवलं. त्याला ना बायको होती ना बैल, म्हणजे घरी कुणाचं काही अडणार नव्हतं. कचेरीत टंचाईचं काम नवनाथ नावाच्या कारकुनाकडे होतं. नवनाथ माणूस चांगला. त्यानं चिमाजीला खुर्ची दिली आणि कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर टेंभुरपाडा पोपटी दिसत होता.

"बाबा, तुमच्याकडे पाणी नाही हे मला माहीत आहे," नवनाथ म्हणाला. "माझी सासुरवाडी तुमच्या पलीकडच्याच डोंगराला आहे. पण मला माहीत असून उपयोग काय? सिस्टमला माहीत पाहिजे."

"मग तिला सांगा की."

"ती ऐकत नाही. ती बघते."

तक्रारीची सोय होती, आणि तीही ॲपमध्येच होती. पाण्याच्या अभावाचा स्पष्ट फोटो जोडा, अशी अट होती. नसलेल्या गोष्टीचा फोटो कसा काढायचा, याचा पाड्यानं एक दिवस विचार केला. मग छायानं घरोघर जाऊन रिकाम्या हंड्यांचे फोटो काढले. हंडे आडवे करून, आतलं बूड दिसेल असे, एकूण एकशे तेवीस हंडे. तृप्तीनं सगळे फोटो स्वीकारले आणि सगळे हंडे ओळखले. उत्तर आलं: टेंभुरपाड्याची पाणी साठवण क्षमता एक हजार आठशे पंचेचाळीस लिटर, तालुक्यात सर्वाधिक.

त्या आठवड्यात टेंभुरपाडा तृप्ती निर्देशांकात पहिला आला.

पुरस्कार द्यायला प्रतिष्ठानाचे प्रकल्पप्रमुख रविराज स्वतः आले. त्यांनी भाषणात सांगितलं की, या पाड्यानं टँकरवरचं अवलंबित्व केवळ आठ दिवसांत संपवलं आणि हे तंत्रज्ञानामुळे शक्य झालं. चिमाजीनं मध्येच उठून, टँकर बंद केला म्हणून अवलंबित्व संपलं, असं सांगायचा प्रयत्न केला. रविराजांनी ते वाक्य मन लावून ऐकलं, मराठी किती थेट असते असं म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. नंतर सगळ्यांनी त्यांना पाणी दिलं. त्यांच्यासोबत अकरा माणसं होती.

पुरस्कार म्हणून पाड्याला डिजिटल जलस्तंभ मिळाला. विहिरीजवळ दोन पुरुष उंचीचा एक खांब उभा राहिला. त्यावर पडदा होता, पडद्यावर विहिरीतली पाण्याची पातळी दिसायची. ती शून्य होती आणि दर दहा मिनिटांनी ताजी होऊन पुन्हा शून्य व्हायची. खांबाच्या माथ्यावर सोलर पॅनल होतं. पाड्यात धूळ फार, म्हणून ते रोज दोन हंडे स्वच्छ पाण्यानं धुवावं लागे. न धुतल्यास हमी रद्द होणार होती. पाड्यानं पाळी लावून घेतली. दोन बायका झिऱ्यावर जायच्या, दोन हंडे आणायच्या, आणि विहिरीत पाणी नाही हे नीट दिसावं म्हणून पॅनल धुवायच्या.

पुरस्कार मिळाला तसे पाहुणे वाढले. तृप्त पाडा बघायला कॉलेजची मुलं आली, इतर जिल्ह्यांतले अधिकारी आले, एक परदेशी बाई दुभाष्यासह आल्या. सगळे विहिरीत डोकावायचे, खांबाचा फोटो घ्यायचे आणि दमून ओट्यावर बसायचे. बसले की पाणी आलंच. हातात तांब्या घेतलेले फोटो ते ॲपवर चढवायचे आणि निर्देशांक आणखी वर जायचा. बायका आता झिऱ्यावर दोन खेपा घरासाठी आणि तीन खेपा पाहुण्यांसाठी करत होत्या. अशात कुसाबाईच्या सासूला उन्हाळी लागली. छायानं मीठसाखरेचं पाणी द्यायला सांगितलं. मीठ होतं, साखर होती.

चिमाजी पुन्हा तालुक्याला गेला. या वेळी तो ओरडायचं ठरवून गेला होता. नवनाथनं त्याला बाहेर चहाच्या टपरीवर नेलं आणि हळूच सांगितलं. पहिल्या आलेल्या पाड्याची पुनर्पडताळणी होते. पुढच्या शुक्रवारी विकासदूत पुन्हा येणार. त्या दिवशी एकेचाळीस घरांत कॅमेऱ्याला पाण्याचा थेंब दिसता कामा नये. पाडा तांबडा झाला की दुसऱ्या दिवशी टँकर, त्याला कुणी अडवू शकत नाही.

"चाळीस घरं तांबडी अन् एक हिरवं झालं तर?" चिमाजीनं विचारलं.

"तर पाडा हिरवाच. एकाकडे पाणी असलं म्हणजे शेजारी त्याच्याकडून घेतीलच, असं धरतात. त्याला सहभाजन गुणांक म्हणतात. अन् घराला कुलूप लावू नका, बंद घर तृप्त समजतात. हे मी तुम्हाला सांगितलं नाही."

संध्याकाळी पाडा समाजमंदिराच्या ओट्यावर जमला. एका दुपारची तर गोष्ट होती. शुक्रवारी घरात थेंबभरही पाणी ठेवायचं नाही, अशी सगळ्यांनी शपथ घेतली. पण कुसाबाई म्हणाली, शपथ घ्यायला तोंड लागतं आणि पाणी नाही म्हणायलाही तोंडच लागतं, तेव्हा आधी सराव करू. छायाला पाहुणी केलं. ती एकेकासमोर जाऊन उभी राहायची, त्यानं हात न हलवता "पाणी नाय" म्हणायचं.

भागीबाई म्हणाली, "पाणी नाय," आणि लगेच, "पन थांब, शेजारून आणते." तिला बाद केलं. मंगलाबाईनं नाय म्हटलं ते इतक्या कसनुशा तोंडानं, की छायानंच तिला पाणी हवं का विचारलं. एका गड्यानं एवढ्या जोरात म्हटलं की त्याचाच कुत्रा उठून गेला. चिमाजीची पाळी आली. छाया समोर उभी राहिली. चिमाजीनं घसा खाकरला.

"पाणी," तो म्हणाला. मग त्यानं शेजारची जागा हातानं झटकली. "बस तर आधी."

सगळे हसले. कुसाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "भावजी, आख्खा पाडा तुमी बुडवनार. चाळीस घरं एकीकडं अन् तुमचा तांब्या एकीकडं."

"त्यो माझा नाय, वहिनी."

"ठाव हाय कुनाचा हाय. पन ती असती तर तिनंबी हाच हिशेब केला असता. म्हातारी पाण्यावाचून पडलीय माझ्या घरात."

ती असती तर तिनं काय केलं असतं, हे चाळीस वर्षांत त्याला एकदाही आधी ओळखता आलं नव्हतं.

शुक्रवार उजाडला. चिमाजीनं तांब्या फळीवरून काढला आणि त्यातलं पाणी कुसाबाईच्या सासूला नेऊन दिलं. म्हातारी ते एका दमात प्यायली आणि त्याला आशीर्वाद द्यायच्या ऐवजी, इतके दिवस कुठे लपवला होतास, म्हणून दोन शिव्या दिल्या. घरी येऊन त्यानं तांब्या फळीवर पालथा ठेवला. त्या घरात पालथा तांब्या त्यानं पहिल्यांदाच पाहिला. मग तो त्याच्याकडे पाठ करून बसला.

अकरा वाजता आरोही आली. तिनं पाण्याची बाटली आणली नव्हती. टेंभुरपाड्यात बाटली न्यावी लागत नाही, असं तिनंच ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं. पहिल्या घरी ती पाच मिनिटं उभी राहिली. घरच्यांनी जमिनीकडे पाहिलं. घर तांबडं झालं. दुसऱ्या घरी भागीबाईनं पदर तोंडात कोंबून घेतला होता, तेही तांबडं. विकासदूतानं पाणी मागायचं नाही असा नियम होता, कारण त्यामुळे नमुना दूषित होतो. आरोही नियमानं चालणारी मुलगी. तिनं मागितलं नाही आणि कुणी दिलं नाही. ऊन चढत गेलं. चाळीस घरांना साडेतीन तास लागले. चाळीस घरं तांबडी झाली.

चिमाजीला ती चढ चढताना दिसली. चेहरा तापलेला, ओठ पांढरे. ती ओट्यावर टेकली, कॅमेरा सुरू केलेला मोबाइल शेजारी ठेवला, "काका" एवढंच म्हणाली आणि घराच्या खांबाला डोकं लावून तिनं डोळे मिटले. मग हळूहळू कलंडली.

चिमाजी उठला. त्याचा हात आपोआप फळीवर गेला आणि पालथा तांब्या हातात आला. त्याला वजन नव्हतं. रिकामा तांब्या घेऊन तो उंबऱ्यात उभा राहिला. या दारातून चाळीस वर्षांत कुणी तहानलेलं गेलं नव्हतं, आणि आता याच दारात एक पोर पडली होती. पाडा, टँकर, गुणांक सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. तो बाहेर येऊन ओरडला, "पाणी आना कुनीतरी."

त्याला वाटलं होतं, कुणीतरी झिऱ्याकडे पळेल. पण कुसाबाई घरातून तांब्या घेऊनच बाहेर आली. तिच्यामागून भागीबाई आली, तिच्याही हातात भरलेला तांब्या. मग मंगलाबाई, मग छाया, मग ज्याच्या आवाजानं कुत्रा उठून गेला होता तो गडी. चढावरून तांब्यांची रांगच वर येत होती. कुणी तो कणगीत लपवला होता, कुणी पाळण्यात लेकराच्या पायथ्याशी, कुणी कोंबडीच्या डालग्याखाली. चाळीस घरांतून चाळीस तांबे आले. आरोहीच्या तोंडाला तीन लागले, दोन डोक्यावर ओतले गेले, बाकीचे तिच्याभोवती ओट्यावर ठेवले गेले. तिनं डोळे उघडले, तेव्हा पाड्यात भांडण जुंपलं होतं.

"तू तर शपथ घेतली व्हतीस," कुसाबाई भागीबाईला म्हणत होती.

"अन् तुमचं हे काय, गोदेवरून आणलं?"

"माझं म्हातारीसाठी व्हतं."

"तांब्यावर ताटली झाकून? म्हातारी काय पाव्हणी हाय?"

कुसाबाई चिमाजीकडे वळली. त्याच्या हातातला तांब्या तिनं घेतला, आत बघितलं आणि सगळ्यांना दाखवला. "शपथ पाळली ती एकट्या भावजींनी. अन् आमी आठ दिस यांच्याच नावानं रडतोय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "नवसा असती तर तुमाला आज घरात घेतलं नसतं बगा."

"ओट्यावर झोपवलं असतं," चिमाजी म्हणाला आणि त्याला हसू आलं. एकदा आलं ते थांबेना. सात महिन्यांनी तो हसत होता आणि हसता हसता डोळे पुसत होता. तेवढ्यात ओट्यावरचा मोबाइल टिंग करून वाजला. त्याचा कॅमेरा सगळा वेळ चालूच होता.

आरोहीनं ती नोंद पुसायचा खूप प्रयत्न केला. नोंद पुसण्याचा अधिकार विकासदूताला नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात तिनं लिहिलं की, हे पाणी माझ्यासाठी आणलं होतं. शेरे वाचण्याचं काम प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात ठेवलेलं होतं.

तृप्तीनं मात्र आपलं काम केलं. चाळीस घरं कोरडी आणि एका घरी चाळीस तांबे, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. आठवड्याभरात चिमाजीला नोटीस आली. त्यात त्याला एकल जलसाठेदार म्हटलं होतं. पाड्यातल्या चाळीस कुटुंबांचं पाणी त्यानं आपल्या घरी साठवून ठेवल्याचं छायाचित्रावरून सिद्ध होत होतं. सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा साठा जप्त करण्यात येईल. पाड्यातले लोक दिवसभर त्याला सावकार म्हणून हाक मारत होते.

सुनावणीला चिमाजी गेला. समोर मोठे साहेब होते, शेजारी रविराज, कोपऱ्यात मान खाली घातलेला नवनाथ. साहेबांनी पडद्यावरचा फोटो दाखवला.

"हे चाळीस तांबे तुमच्या ओट्यावर आहेत, हे मान्य?"

"मान्य."

"पाणी कुणाचं?"

"पाव्हण्यांचं," चिमाजी म्हणाला.

रविराज खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी शोधलं आणि त्यांचा चेहरा उजळला. पाणी कुणासाठी, या रकान्यात अभ्यागत असा पर्याय होता आणि तो आजवर कुणी वापरला नव्हता. तो निवडताच सगळं जुळलं. चाळीस तांबे अभ्यागतांच्या नावावर गेले, चिमाजीची साठेबाजी मिटली. वर, अभ्यागताला पाण्याअभावी चक्कर आल्याची नोंद सापडली, कारण आरोही प्रतिष्ठानाची कर्मचारी असल्यामुळे तिच्या विम्याचा अर्ज झाला होता. पाड्यातल्या माणसांना पाणी नसणं हा सिस्टममध्ये समाधानाचा विषय होता. पण पाड्याला भेट देणाऱ्यांना पाणी नसणं हा सुरक्षेचा प्रश्न होता आणि त्यासाठी टँकर देता येत होता. साहेबांनी तिथल्या तिथे सही केली.

चिमाजीनं विचारलं की, पाहुणे पिऊन पिऊन किती पिणार, उरलेल्या पाण्याचं काय करायचं? साहेबांनी नियम पाहिला. उरलेलं पाणी परत नेण्याची तरतूद नव्हती. ते तिथेच टाकून द्यावं, असं त्यांनी सांगितलं.

"कुठं टाकायचं?"

"ते तुम्ही स्थानिक पातळीवर ठरवा."

स्थानिक पातळीवर लगेच ठरलं. सध्या टेंभुरपाड्यात टँकर येतो. त्याला एकच अट आहे. त्या दिवशी ॲपवर किमान पंचवीस अभ्यागतांची नोंद पाहिजे. चोवीस झाले तर टँकर निघत नाही. रविवारी अडचण येत नाही, नाशिकची माणसं गाड्या भरून येतात, विहिरीत डोकावतात, अरेरे म्हणतात आणि गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी पितात. कुणी एकानं पाड्यावर मोठा लेख लिहिला. तो मोबाइलवर फिरला आणि त्याच्याखाली अकरा हजार लोकांनी रडणारे चेहरे टाकले. छायानं ते कुसाबाईला दाखवले.

"अकरा हजार रडले?" कुसाबाई म्हणाली. "मग मंगळवारी टँकर का नाय आला?"

"रडल्यानं नाव लागत नाय, वहिनी," चिमाजी म्हणाला. "यावं लागतं."

येत्या गुरुवारची बावीस नावं झाली आहेत. तीन कमी पडतात. तुम्ही इथवर वाचत आलात, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे.